नागपुरात नव्याने राहायला आलात? पोलिसांशी गाठ पडली तर हे माहीत असू द्या

हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला लागून जेमतेम चार महिने झालेला एक पोरगा. गाव गोंदियाकडचं. रात्री साडेअकराला रूम पार्टनरची मोपेड घेऊन चहा प्यायला निघाला आणि नाकाबंदीत सापडला. डिक्की उघडली तर रेनकोटच्या घडीत एक चाकू, पातं साडेदहा इंचांचं. चाकू त्याचा नव्हता, गाडीही त्याची नव्हती. पण "कोणाचा?" असं विचारल्यावर तो घाबरून म्हणाला, "माझाच आहे साहेब, जाऊ द्या ना." कबूल केलं की सोडतील, असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात तो रिमांडसाठी, म्हणजे त्याला कोठडीत ठेवायचं का हे ठरायला, उभा होता. आई पहाटेच्या गाडीने आली होती. हातात स्टीलचा डबा होता, पण तो डबा कोणाच्या हाती द्यायचा हे तिला कोणी सांगत नव्हतं.

मी नागपुरात फौजदारी बाजूची वकिली करते. शिकायला, मिहानमध्ये नोकरीला, बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत कामाला आलेली अशी मुलं मला सतत भेटतात. त्यातली बहुतेक गुन्हेगार नसतात. पहिल्या चोवीस तासांत काय बोलायचं, कशावर सही करायची, कोणता कागद मागायचा, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ते सांगायला हा लेख आहे. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, त्यामुळे वेळ आली तर वकील गाठायचाच. पण वकील येईपर्यंतचे तास तुमच्या एकट्याचे असतात.

आधी ओळखा, तुम्ही नेमके कुठे उभे आहात

पोलिसांशी गाठ पडते ती चार प्रकारे. रस्त्यावर थांबवून विचारपूस होते. नोटीस देऊन ठाण्यात बोलावतात. काही घडू नये म्हणून प्रतिबंधात्मक कारवाईत ताब्यात घेतात. किंवा रीतसर अटक होते. चारही ठिकाणी तुमचे हक्क वेगळे आहेत आणि सगळा घोळ होतो तो या चार गोष्टी एकच समजल्यामुळे. म्हणून पहिला प्रश्न शांतपणे, आवाज न चढवता विचारा: "साहेब, मला अटक केली आहे का, की चौकशीला बोलावलं आहे?" हा उद्धटपणा नाही. उत्तर काहीही मिळो, त्या क्षणी घड्याळात किती वाजले ते लक्षात ठेवा. ही वेळ पुढे फार कामी येते.

रस्त्यावर थांबवलं तर

गाडी बाजूला घ्या, हेल्मेट काढा, नाव-पत्ता खरा सांगा. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये असतील तरी चालतात. नाव-पत्ता लपवण्यात काहीच शहाणपण नाही. किरकोळ, अदखलपात्र प्रकरणातही नाव-पत्ता द्यायला नकार दिला, तर तेवढ्याच कारणावरून अटक करण्याची मुभा कायदा देतो. आणि तपास, अटक, जामीन यांचे नियम सांगणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ प्रमाणे पोलिसांनी कर्तव्याचा भाग म्हणून दिलेली कायदेशीर सूचना पाळणं बंधनकारक आहे.

झडती घेऊ द्या, अडवू नका, हात झटकू नका. पोलिसाच्या अंगाला हात लागला की बोलणं संपतं आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ सुरू होतं, ज्याला लोक अजून जुन्या आकड्याने "तीनशे त्रेपन्न" म्हणतात. मूळ प्रकरण पाचशे रुपयांच्या चलानचं असायचं आणि पोरगा जेलमध्ये जायचा तो या कलमाखाली, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. बाई असेल तर तिची अंगझडती बाईनेच, तिची अब्रू राखून घ्यायची असते. इथे महिला पोलीस नसेल तर थांबू, असं म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

काही सापडलं आणि ते तुमचं नसेल, तर एकच वाक्य बोला: "हे माझं नाही, मला याची माहिती नव्हती." बस्स. कोणाचं असेल, कुठून आलं असेल याच्या कथा रचू नका. मित्राला वाचवायला "माझंच आहे" तर मुळीच म्हणू नका. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे खरं आहे. पण तुम्ही एकदा कबूल केलंत की तपासाची दिशा तुमच्यावर येऊन थांबते, आणि खऱ्या मालकाला कोणी शोधत नाही. शिवाय तुमच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग तुमच्याविरुद्ध वापरता येतो.

मोबाईलवर चित्रीकरण करावं का, हे मुलं नेहमी विचारतात. वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली स्पष्ट केलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्याखालचं "निषिद्ध ठिकाण" नाही, त्यामुळे तिथे व्हिडिओ काढणं हा त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. तरी माझा सल्ला असा की कॅमेरा तोंडासमोर धरून वाद घालू नका. सोबतच्या माणसाला दूर उभं राहून घेऊ द्या. कामात अडथळा आणल्याचं कलम लावायला कारण देऊ नका.

ठाण्यात बोलावलं तर

"जरा ठाण्यात येऊन जा" असा फोन येतो. डीबी पथकाचा, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाचा, कोणी बोलतो, नाव अर्धवट सांगतो, आणि मुलगा एकटाच निघतो. तसं करू नका. आधी विचारा: कोणतं ठाणं, बोलावणारे अधिकारी कोण, गुन्हा क्रमांक काय, मी साक्षीदार की संशयित? मग लेखी नोटीस मागा.

संशयित असाल आणि अटकेची गरज वाटत नसेल, तर पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस द्यायची असते. जुन्या कायद्यात ही ४१-अ ची नोटीस होती. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार निकालात बजावलं. तिथून ही नोटीस महत्त्वाची झाली. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत सांगितलं. नोटीस मिळाली तर दिलेल्या तारखेला जायचंच, आणि गेल्याची पोच घ्यायची. तुम्ही ठरल्याप्रमाणे हजर राहत असाल तर अटक करायला पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. गेलाच नाहीत तर अटकेचं कारण तुम्हीच हातात दिलंत.

साक्षीदार म्हणून बोलावत असतील तर आणखी एक गोष्ट. कोणतीही स्त्री, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीपुढचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांचा जबाब त्यांच्या घरी येऊन घ्यायचा असतो. मेसमध्ये राहणाऱ्या मुलींना "पाच मिनिटं येऊन जा" असं सांगितलं जातं, तेव्हा हा नियम आठवा.

जबाब नोंदवला की वाचून दाखवायला सांगा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर तुमची सही लागत नाही, कायद्यानेच ती घ्यायची नसते. कोऱ्या कागदावर तर कोणत्याही परिस्थितीत नाही. पंचनामा वेगळा. तिथे पंच म्हणून सही करत असाल, तर जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच त्यात आहे ना, ते वाचूनच करा. तुमच्या घरमालकाकडे झडती झाली आणि लेखी आदेशाने तुम्हाला पंच केलं, तर सबळ कारण नसताना नकार देता येत नाही, हेही माहीत असू द्या. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आता त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे सक्तीचं आहे.

अटक झाली तर

इथे मी जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

पहिला कागद: अटकेचा मेमो, म्हणजे रोजच्या भाषेत अटक पंचनामा. त्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण असतं, घरच्या किंवा वस्तीतल्या निदान एका माणसाची साक्षीदार म्हणून सही असते, आणि तुमचीही सही घेतात. सहीच्या आधी वेळ वाचा. त्या हिंगण्याच्या पोराला रात्री साडेअकराला नाकाबंदीतून नेलं होतं. मेमोवर पहाटेची ४ वाजून १० मिनिटं होती. तो म्हणाला, "मॅडम, मी बघितलंच नाही, सही कुठे करायची ते फक्त बघितलं." ही चार तास चाळीस मिनिटांची दरी छोटी वाटते, पण घटनेच्या कलम २२ प्रमाणे अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावंच लागतं. ते घड्याळ कागदावर कधी सुरू झालं यावर बरंच काही ठरतं. वेळ चुकीची असेल तर सहीखाली स्वतःच्या हाताने लिहा, "मला रात्री ११.३० ला आणलं." लिहू दिलं नाही, तर कोर्टात सांगा.

दुसरा कागद: अटकेची कारणं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात निकाल दिला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई त्या खंडपीठावर होते, ज्यांनी वकिलीची बरीच वर्षं इथल्याच नागपूर खंडपीठासमोर काढली. त्यानुसार गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी लेखी द्यायची. तुम्हाला मराठी कळत असेल तर मराठीत मागा. बिहार-छत्तीसगडहून आलेल्या कामगाराला हिंदीत मिळायला हवी.

तिसरं, घरी कळवणं. तुमच्या पसंतीच्या एका नातेवाइकाला किंवा मित्राला अटकेची माहिती देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. म्हणून एक नंबर पाठ असू द्या. फोन काढून घेतल्यावर आईचा नंबर आठवत नाही, असं म्हणणारी वीस-बावीस वर्षांची किती मुलं मी पाहिली! आजच एक नंबर पाठ करा.

चौथं, वैद्यकीय तपासणी. अटकेनंतर मेयो किंवा मेडिकलसारख्या सरकारी रुग्णालयात नेतात. डॉक्टर विचारतात, "काही मार लागला?" सोबत पोलीस उभा असतो आणि पोरगा मान हलवून नाही म्हणतो. मार लागला असेल तर तिथेच सांगा, जागा दाखवा. डॉक्टरांनी लिहिलेलं पुसता येत नाही. त्या अहवालाची प्रत तुम्हाला किंवा तुम्ही सांगाल त्याला मिळायला हवी.

चौकशी सुरू असताना तुम्हाला तुमच्या वकिलाला भेटता येतं. पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही, पण भेटता येतं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणी भाग पाडू शकत नाही, हे घटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे. "साहेब, वकिलाशी बोलून सांगतो" हे वाक्य हात जोडून म्हटलं तरी चालतं, पण म्हणा.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नसते. अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची असते. अठरा वर्षांखालचा मुलगा असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यायचं असतं. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला लगेच ठाण्यात पोचवा. इथे एक तास उशीर म्हणजे पोराची एक रात्र मोठ्या गुन्हेगारांसोबत.

मग कोर्ट. सुट्टीचा दिवस असला तरी हजर करतात. न्यायदंडाधिकारी साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" हा प्रश्न दोन सेकंदांचा असतो. पुढची अनेक वर्षं तुमच्या बाजूने किंवा विरुद्ध उभं राहतं ते त्याचं उत्तर. मारलं असेल, वेळ चुकीची लिहिली असेल, घरी कळवलं नसेल, कारणं दिली नसतील, तर तिथेच मोठ्याने सांगा. घाबरून "नाही" म्हटलं की तेच रेकॉर्डवर जातं. इथे पेपरात तुम्ही "पीसीआर" आणि "एमसीआर" वाचता. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे सेंट्रल जेल. एमसीआर झाला म्हणजे सगळं बिघडलं असं घरच्यांना वाटतं. उलट, जामिनाचा अर्ज पुढे सरकायला सुरुवात होते ती बहुधा तिथूनच.

ठाण्यात काय घडलं यावर वाद असेल तर सीसीटीव्ही आठवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे आणि त्यांचं चित्रण दीड वर्ष, निदान एक वर्ष तरी जपणं अपेक्षित आहे. वकिलाकडून ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या. उशीर केला की ते मिळत नाही.

कलमं कशी वाचायची

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच आकडे आहेत. घाबरण्याआधी आकडा जुळवून बघा. "तीनशे दोन" आता १०३ आहे, "तीनशे सात" १०९, "चारशे वीस" ३१८(४), "तीनशे तेवीस" ११५(२), धमकीचं "पाचशे सहा" आता ३५१. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनंच कलम लागतं.

कलमापेक्षा दोन गोष्टी आधी विचारा: दखलपात्र की अदखलपात्र, आणि जामीनपात्र की अजामीनपात्र. अदखलपात्र म्हणजे आपल्याकडे "एनसी" म्हणतात ते. त्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. जामीनपात्र असेल तर जामीन तुमचा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असं मुळीच नाही. तो न्यायालयाने ठरवायचा असतो, एवढाच त्याचा अर्थ.

"चॅप्टर केस" हा शब्द ऐकाल. तो गुन्हा नसतो. शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेण्याची ती प्रतिबंधात्मक कारवाई असते, आणि शहरात ती सहायक पोलीस आयुक्तांपुढे चालते. "तडीपार" मात्र गंभीर. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. आधी कारणे दाखवा नोटीस येते. तिला उत्तर न देणं ही सगळ्यात मोठी चूक.

हत्यारांचं काय

इथे नव्या मुलांचा समज सगळ्यात चुकीचा असतो, म्हणून सविस्तर सांगते.

शस्त्र अधिनियम, १९५९ म्हणजे फक्त पिस्तुलांचा कायदा नाही. तलवार, गुप्ती, भाला, खंजीर आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू, हे सगळं त्यात येतं. घरकाम, शेती, कारखाना यांसाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. म्हणून स्वयंपाकघरातली सुरी, शेतातला विळा, मटणाच्या दुकानातला सत्तूर गुन्हा ठरत नाही. पेपरात "आर्म्स अॅक्टच्या ४/२५ खाली गुन्हा" (म्हणजे याच कायद्याची कलमं ४ आणि २५) असं येतं ते बहुधा चाकू-तलवारीचंच असतं. ऑनलाइन "शोभेची" म्हणून मागवलेली तलवार धारदार असेल तर तीही शोभेची राहत नाही. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, रील टाकायची, आणि दोन दिवसांनी पोलीस दारात. तो व्हिडिओ हाच पुरावा असतो, वेगळा साक्षीदार शोधावाच लागत नाही. हे लिहिताना माझ्यासमोर तीन-चार चेहरे येतात, सगळे विशीतले.

चाकू नऊ इंचांपेक्षा लहान आहे म्हणून तुम्ही सुटलात असंही नाही. सणासुदीला, निवडणुकीत, मोर्चांच्या दिवसांत पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात. तो लागू असताना काठी, लाठी, चाकू, दुखापत करता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगणं गुन्हा ठरतं, कलम १३५ खाली. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा तर गाडीच्या सीटखाली ठेवलेला दांडाही काढून टाका.

आता बंदुका. विनापरवाना पिस्तूल किंवा देशी कट्टा जवळ असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड. कट्टे बनवणं किंवा विकणं असेल तर किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप. शस्त्र अधिनियमाखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत बेकायदा शस्त्र बाळगण्याच्या प्रकरणात बेड्या घालण्याचीही मुभा आहे. "दोन दिवस ठेव, नंतर घेऊन जातो" म्हणून कोणी पिशवी दिली तर ती उघडून बघा. नाही उघडू दिली तर घेऊ नका. दोस्तीपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

पण कायदा आंधळाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल प्रकरणात सांगितलं की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. वस्तू तुमच्याजवळ आहे हे तुम्हाला माहीत हवं आणि ती तुमच्या कह्यात हवी. विमानतळावर एखाद्याच्या जुन्या बॅगेत एक जिवंत काडतूस सापडतं, बॅग लायसन्सधारक मामाची असते, अशा प्रकरणांत हाच मुद्दा लढवतात. डिक्कीतल्या चाकूच्या प्रकरणातही तोच. म्हणूनच "मला माहिती नव्हतं" हे वाक्य पहिल्याच मिनिटाला बोललेलं असणं इतकं मोलाचं. आणि बंदुकीच्या विनापरवाना ताब्याचा खटला चालवायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. दोषारोपपत्रात ती आहे का, हे वकिलाला बघायला सांगा.

परवाना हवा असेल तर शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. वय एकवीस पूर्ण हवं. पोलिसांचा अहवाल मागवला जातो. एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, परवाना पाच वर्षांचा असतो, आणि नाकारला तर अपील करता येतं. "जिवाला धोका आहे" एवढं म्हणून भागत नाही, आधीच्या तक्रारी, अर्ज, काहीतरी कागद जोडा. लायसन्स असलं तरी लग्नात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

गावाकडच्या घरांत आजोबांची बारा बोअरची बंदूक असते. आजोबा वारले, परवाना त्यांच्या नावावर, बंदूक माळ्यावर. त्या क्षणापासून ती विनापरवाना झाली. विलंब न करता जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. ती पावती हरवू देऊ नका.

तक्रार तुमची असेल तर

मार खाणारे तुम्ही असाल, मोबाईल तुमचा हिसकावला असेल, तरी नियम तितकेच कामाचे. "ही आमची हद्द नाही, सक्करदऱ्याला जा" असं म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. ई-मेलने किंवा ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. ठाणेदारांनी नोंदवलीच नाही तर शहरात पोलीस उपायुक्तांना लेखी द्या, टपालाची पोच ठेवा. तरी नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. तातडीला ११२ आहेच.

वकील आणि पैसे

"वकील परवडत नाही" हे कारण आता राहिलेलं नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोठडीत असलेल्या कोणालाही, प्रत्येक स्त्रीला आणि बालकाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा, किंवा १५१०० वर फोन करा. रिमांडच्या वेळी "मला मोफत वकील हवा" एवढं म्हटलं तरी पुरतं. ठाण्याच्या गेटवर किंवा कोर्टाच्या पायऱ्यांवर "मी सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती एक रुपयाही देऊ नका.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट आवर्जून. पुढे कधी चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भराल तेव्हा केस लपवू नका. सुटका झालेली असली तरी लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग निकालात सांगितलं की क्षुल्लक प्रकरण खरं सांगितलं असेल तर त्याचा विचार होऊ शकतो. लपवलेलं मात्र नोकरी घालवतं. छोट्या भांडणाची केस नव्हे, ती न लिहिल्यामुळे भरतीतून बाहेर पडलेली मुलं मला माहीत आहेत.

जामीन मंजूर झाल्यावर बाहेरगावच्या माणसाचं घोडं अडतं ते जामीनदारावर. नागपुरात ओळखीचं कोणी नसतं. स्थानिकच जामीनदार हवा असा आग्रह न धरण्याची सूचना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली केली आहे, ती वकिलाला मांडायला सांगा. गावाकडच्या नातेवाइकाला निघतानाच आधार, रेशन कार्ड, ताजा सातबारा किंवा घरटॅक्सची पावती आणि दोन फोटो घेऊन यायला सांगा. त्या हिंगण्याच्या पोराचा जामीन दुसऱ्याच दिवशी मंजूर झाला होता, पण मामा सातबारा घरी विसरून आला. तो परत जाऊन येईपर्यंत पोराने सेंट्रल जेलमध्ये आणखी दोन रात्री काढल्या.